पाचपैकी दोन, स्पॅनिशमध्ये

तुम्ही मला न विचारता माझी मातृभाषा ठरवून टाकलीत, तिची परीक्षा घेतलीत आणि तिच्यातच मला दोन गुण देऊन मोकळे झालात. पाचपैकी दोन. तुमच्या गुणपत्रकाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय की दोन म्हणजे 'कदाचित पात्र'. हे 'कदाचित' तुमच्यापैकी कोणाला सुचलं, मला माहीत नाही. तुमच्या परीक्षा मंडळात कोण बसतं, तेही माहीत नाही. तुम्हाला मात्र माझं सगळं माहीत आहे असं तुम्हाला वाटतं: ओदिलिया मेंदोसा, अकरावी, सांता मारिया, कॅलिफोर्निया, घरातली भाषा स्पॅनिश.

घरातली भाषा स्पॅनिश हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी नाही. मी पहिलीत आले तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी आईच्या तोंडाकडे बघितलं आणि फॉर्मवर स्पॅनिशपुढे खूण करून टाकली.

आमच्या घरात तुउन सावी बोलतात. पावसाची भाषा, असा त्याचा अर्थ. बाहेरचे तिला मिश्तेको म्हणतात. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातून माझे आईबाप इथे स्ट्रॉबेरी तोडायला आले तेव्हा बाबांना कामापुरतं स्पॅनिश येत होतं. आईला 'हो', 'किती' आणि 'माफ करा' एवढंच. अजूनही तिचं तेवढ्यावरच भागतं. मला स्पॅनिश कुठून आलं ते ऐका. मुकादमाच्या शिव्यांतून. टीव्हीवरच्या मालिकांतून. दवाखान्याच्या खिडकीतून. आणि घरमालकाच्या बायकोकडून, जी येऊन येऊन विचारायची की या गॅरेजात नक्की किती माणसं झोपतात.

मग परीक्षेला बसलीसच कशाला, असं विचाराल.

आमच्या शाळेत मिसेस हॉलब्रुक आहेत. कोणी कुठले विषय घ्यायचे, कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, हे त्या बघतात. बाई वाईट नाहीत. मुलांची नावं लक्षात ठेवतात, रडणाऱ्याला टिश्यू देतात. मला नर्सिंगला जायचंय, आणि दवाखान्यात दुभाष्याचं काम करू शकतील अशा मुलांसाठी तिथे काही जागा राखून ठेवलेल्या असतात, हे त्यांनीच मला शोधून दिलं. म्हणाल्या, "मग स्पॅनिशची वरची परीक्षा देऊन टाक. तुझ्यासाठी तर ते फुकटचे पाच आहेत, ओडी. झोपेत मिळवशील."

"मला तेवढं येत नाही, मिसेस हॉलब्रुक."

"लाजतेस काय! कॅन्टीनमध्ये तुझी बडबड ऐकलीय मी."

तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे मी ओआहाकाची आहे हे कबूल करायचं, आणि आमच्या शाळेत ते कोणी आपणहून कबूल करत नाही. बाकीची मेक्सिकन पोरं आम्हाला 'ओआहाकिता' म्हणतात. बुटकी, काळी, बिनडोक, डोंगरातून उतरलेली, हे सगळं त्या एका शब्दात येतं. सहावीत ब्रेंडा सेपुल्वेदाने मला कचऱ्याच्या पिंपाशेजारी उभं करून उंची मोजली होती. पिंप जिंकलं. तेव्हापासून मी घराबाहेर आमच्या भाषेत शिंकतसुद्धा नाही. मिसेस हॉलब्रुकना सगळे मेक्सिकन सारखेच. त्या सारखेपणात मला लपायला बरी जागा होती.

मे महिन्यात परीक्षा झाली. वाचायचं, लिहायचं ते ठीक गेलं. मग कानाला हेडफोन लावून बोलायचा भाग आला. तुम्हीच तो तयार केलाय, पण तुम्हाला कोणी त्यात बसवलं नसेल म्हणून सांगते. कानात एक बाई बोलते. तुमची मैत्रीण असल्यासारखी. तिचं बोलून झालं की सूं असा आवाज येतो आणि तुम्ही वीस सेकंदांत उत्तर द्यायचं. मग पुन्हा ती.

ती म्हणाली, शनिवारी आमच्या गल्लीत जत्रा आहे, तू येशील का?

सूं.

आणि मी ते आमच्या भाषेत सांगितलं. "ही बाई म्हणतेय, शनिवारी त्यांच्या गल्लीत जत्रा आहे. येशील का म्हणून विचारतेय."

का? कारण मी शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हापासून हेच करत आले आहे. दवाखान्यात नर्स स्पॅनिशमध्ये बोलते, मी आईकडे वळते आणि आमच्यात सांगते. घरमालकीण बोलते, मी वळते. पगार वाटणारा बोलतो, मी वळते. कानात अनोळखी बाईचं स्पॅनिश शिरलं की तोंडातून आमची भाषा बाहेर पडते. मधे मी नसते. मला काय वाटतं हे त्या बायांनी कधी विचारलेलंच नाही, तर मी मधे येऊ कशाला? त्या दिवशी मी खरोखर डावीकडे वळले होते. डावीकडे भिंत होती.

बाई पुन्हा बोलली. बरोबर काय आणशील, असं काहीतरी. मी पुन्हा वळून सांगितलं. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. तिसऱ्या वेळेला पलीकडच्या खुर्चीतल्या पोराने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. मग मी स्पॅनिश बोलायला लागले. अडखळत, तुकड्यातुकड्यांनी. तोवर जत्रेचं जवळपास ठरून गेलं होतं.

बाहेर आल्यावर ब्रेंडाने गाठलंच. "काय गं, चिनी कधी शिकलीस?"

"कुठे काय?"

"मी तुझ्या मागेच होते. चिंग चांग चुंग चाललं होतं तुझं. देवा, ओडी, तू खरंच ओआहाकिता आहेस की काय?"

सगळे हसले. मीपण हसले.

गुण जुलैत आले. मी कपडे धुवायला लॉन्ड्रीत गेले होते. यंत्रं गरगरत होती, दुसरं कोणी नव्हतं. फोनवर तुमच्याच इतिहासाच्या परीक्षेत चार होते. स्पॅनिशमध्ये दोन. ब्रेंडाने तोवर तिचे पाच सगळ्यांना कळवलेसुद्धा होते, खाली आईस्क्रीमचं चित्र टाकून. मी कपडे वाळवायला टाकले, काढले, घड्या घातल्या. बाबांच्या शर्टाची घडी घालताना आठवलं की बाबा इथे नाहीत, जूनमध्येच वर वॉशिंग्टन राज्यात गेलेत, आधी ब्लूबेरी आणि मग सफरचंदं तोडायला. तरी तो शर्ट धुवायला का आणला होता, कोण जाणे. सांगण्यासारखं माणूस कोण, याचा विचार केला. सांगायचं म्हणजे कुठल्या भाषेत, इथपासून सुरुवात होती.

ऑक्टोबरमध्ये अर्ज भरायची वेळ आली. मिसेस हॉलब्रुकनी माझे गुण उघडले.

"हे कसं काय झालं, बाळा?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिश्तेको, म्हणजे बोली ना ती? परीक्षेत बोलीभाषेत का बोललीस तू?"

"बोली नाही. भाषा आहे. स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही."

"बरं, बरं. पण मुद्दा असा आहे की गुण पाठवताना सगळे एकत्र जातात. इतिहासाचे चार पाठवलेस की हे दोनही जाणार. मेंदोसा आडनावापुढे स्पॅनिशमध्ये दोन! मुलगी आळशी आहे म्हणतील. दुभाष्याच्या जागेसाठी तर विचारूच नकोस. हे रद्द करून टाक."

"रद्द म्हणजे?"

"पुसलं जातं. परीक्षा दिलीच नव्हती असं होतं. कोणाला कळणार नाही."

"आणि माझं बोलणं? ते त्यांच्याकडे आहे ना?"

"तेपण जातं. एकदा गेलं की परत मिळत नाही. पण तुला ते हवंय कशाला?" त्यांनी कागद छापून दिला. "अठरा पूर्ण नाहीत तुला, म्हणून आईची सही लागेल. आईला काय ते तूच समजावशील."

बाबांना फोन केला. बाबा सफरचंदांच्या बागेतल्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहतात. फोनवर माझ्याशी स्पॅनिशमध्येच बोलतात. त्या खोलीत आमच्या भाषेत बोललं की बाकीचे कोंबड्यासारखा आवाज काढतात, हे मला माहीत आहे. म्हणून मीही स्पॅनिशमध्येच सांगितलं. माझं मोडकं स्पॅनिश आणि त्यांचं मोडकं स्पॅनिश.

"रद्द कर," बाबा म्हणाले. "विचार कसला करतेस?"

"बाबा, मी तिथे आपल्या भाषेत..."

"ऐकलं मी. आता परत सांगू नकोस. कागदावर नको तो डाग. तुला किती वेळा सांगितलं, बाहेर ते बोलायचं नाही म्हणून?"

"मुद्दाम नाही बोलले."

"मुद्दाम काय आणि चुकून काय, ऐकणाऱ्याला सारखंच." मग मागून कोणीतरी ओरडलं, बाबा खोटं खोटं हसले आणि म्हणाले, "चल, ठेवतो. आईला सांग, पाठ बरी आहे."

आई कामावरून आली होती. नळाखाली हात चोळत होती. स्ट्रॉबेरीचा रंग नखांच्या कडांना धरून बसतो, लिंबानेही निघत नाही.

"आई, एक सही हवीय."

"कशाची गं?"

थाप तयार होती. बसच्या पासची. तिने केली असती. शाळेच्या कागदावर मी बोट ठेवेन तिथे तिने आजवर सही केली आहे. आमच्या घरात कागद मी वाचते, आणि मी जे वाचेन तेच कागदात असतं. एवढी सत्ता तुमच्यापैकीही कोणाच्या हातात नसेल.

"शाळेची," मी म्हणाले.

"ते दिसतंय. तोंड का असं करपलेल्या तोर्तियासारखं?"

मग सांगितलं. गुण हा शब्द आमच्याकडे नाही, म्हणून तिच्या कामातला शब्द घेतला, पेट्या. पाच पेट्या भरायच्या होत्या, माझ्या दोनच भरल्या.

"कशाच्या?"

"स्पॅनिशच्या."

आईने हात पुसले. "दोन पेट्या स्पॅनिश! इतक्या वर्षांत माझी तळाची फळीसुद्धा झाकली नाही. दोन खूप झाल्या की."

"अगं, बाकीच्यांनी पाच भरल्या."

"त्यांच्या घरी पिकतं ते."

मग मी हेडफोनचं सांगितलं. त्या बाईचं, सूं आवाजाचं. आईचा विश्वासच बसेना.

"म्हणजे त्या यंत्राशी तू आपल्यात बोललीस?"

"हो."

"मग ते काय म्हणालं?"

"सूं म्हणालं."

आईला असं हसू फुटलं की तिने ओट्याची कड धरली. हसता हसता खोकला आला. मलाही हसू आलं. जुलैपासून पहिल्यांदा.

"पण काय सांगितलंस त्याला?"

"त्याला नाही. तुला सांगत होते. ही बाई म्हणतेय, शनिवारी जत्रा आहे, येशील का?"

आई हसायची थांबली. "मला विचारत होती?"

"मला वाटलं तसं."

"मग घरी येऊन सांगायचंस ना. शनिवारी सुट्टी नसते, पण गेले असते मी काहीतरी करून." ती कागद न्याहाळत होती. "इथे मला कोण बोलावतं?"

ती बाई खरी नाही, ती जत्रा खरी नाही, हे आमच्या भाषेत सांगणं अवघड नाही. तरी नाही सांगितलं.

"कुठे करू सही?"

"करायची की नाही ते सांग आधी. केलीस की सगळं पुसलं जाईल. नाही केलीस तर दोन पेट्या सगळ्यांना दिसतील. कदाचित कॉलेजवाले घेणार नाहीत."

"मी काय सांगू, बाई? तुझ्या त्या जगात मी कधी पाय ठेवलाय?"

"तरी. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू जेवून घे." आणि तिने सही केली. शिवण घालावी तशी ती नाव काढते, एकेक अक्षर ओढत, जीभ दातांत धरून. मग बीन्स गरम करायला वळली.

मला कोणीतरी सांगायला हवं होतं. बाबांनी सांगितलं ते घाबरून सांगितलं. मिसेस हॉलब्रुकनी सांगितलं ते कामाचा भाग म्हणून. आई काहीच बोलली नाही, कारण तिला खरोखर माहीत नव्हतं. तिला जे कळतं ते सगळं मीच तिला सांगितलेलं असतं. मग तिने मला नवं काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत व्यायामशाळेच्या मागे जाऊन मी तुम्हाला फोन केला. समुद्रावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. इंग्रजीसाठी एक दाबा, स्पॅनिशसाठी दोन. मी एक दाबला. पुष्कळ वेळ संगीत वाजलं. मग तुमचा एक मुलगा आला. आवाजावरून माझ्याहून फार मोठा नसावा. नम्र होता. हे मी त्याच्या बाजूने सांगते, त्याला ओरडू नका.

मी म्हणाले, "रद्द करायच्या आधी माझं बोलणं मला एकदा ऐकायचंय."

"ते आम्हाला देता येत नाही. सॉरी."

"मग तिथे काय आहे तेवढं तरी सांगा."

कळफलक वाजला. "संभाषणाचा भाग ना? पहिल्या दोन जागी 'उत्तर नाही' असं आहे. पुढे गुण आहेत."

"उत्तर नाही म्हणजे?"

"म्हणजे तू काही बोलली नाहीस."

"मी बोलले."

"माईक बंद असेल कदाचित."

"तिसऱ्या जागी चालू होता ना? मधे मी हात लावलेला नाही."

"हं." पुन्हा कळफलक. "इंग्रजीत बोललीस का? पण तसं असतं तर 'दुसऱ्या भाषेत उत्तर' असं लिहितात. त्याचा वेगळा शेरा आहे."

"मिश्तेकोमध्ये बोलले."

"ते स्पॅनिशच ना?"

"नाही."

"मग तपासणाऱ्यांना तो आसपासचा आवाज वाटला असेल. खुर्ची सरकवतात, कोणी खोकतं, तसा. असं होतं कधी कधी. आणखी काही मदत करू शकतो का?"

मी फोन ठेवला. मैदानावर मुलं चेंडू खेळत होती आणि धुक्यामुळे त्यांचे फक्त आवाज येत होते. कोण काय ओरडतंय ते मला समजत होतं. आता तुम्ही सांगाल की तोही नुसता आवाजच होता.

मिसेस हॉलब्रुकनी कागद मागितला तेव्हा मी दिला नाही.

"आईने सही नाही केली?"

"केली."

"मग?"

"मी नाही देणार."

"ओडी, मुदत संपत चाललीय. हा कसला हट्ट? त्या दोनांचं तू करणार काय?"

"राहू देत."

"जागा जाईल तुझी. समजतंय का तुला?"

समजतं. तुम्हालाही समजावं म्हणून लिहिते. माझा अर्ज गेलाय, त्यात चार आहेत आणि दोन आहेत. उत्तर वसंतात येईल. ती जागा कदाचित दुसऱ्या कोणाला मिळेल. ब्रेंडालाही मिळेल, तिलाही नर्सिंगच करायचंय. तिच्यासमोर कधीतरी माझी आई तपासणीच्या टेबलावर बसेल आणि सगळ्याला 'हो' म्हणेल. बाबांना मी कळवलं तेव्हा ते म्हणाले, आईला दे फोन. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. घरात मी आणि आई. आई पहाटे जाते. मी उठते तेव्हा तिने तव्यावर झाकून ठेवलेलं असतं. याला मी धैर्य वगैरे म्हणत नाही. जागा गेली तर मी रडेन, आणि मला आठवेल की एक सही केलेला कागद माझ्या दप्तरात पडून होता.

पण रद्द केलं की तुमच्याकडचं ते बोलणं पुसलं जाणार, आणि तुमचा शेरा पुसला गेला काय न गेला काय, तुमच्या त्या तपासणाऱ्याच्या डोक्यात तो तसाच राहणार. पुढच्या मे महिन्यात कुठल्यातरी हेडफोनसमोर दुसरी कोणी डावीकडे वळेल, आणि तिलाही तो खुर्ची म्हणेल.

गुण वाढवून मागत नाही. स्पॅनिशची परीक्षा होती, मी पहिली दोन उत्तरं स्पॅनिशमध्ये दिली नाहीत, तिथे शून्य द्या. दोन म्हणजे दोन, ठीक आहे. पण मी गप्प होते हे खोटं आहे, आणि ते तुम्ही लिहिलंय. इंग्रजीत चुकलं तर ती दुसरी भाषा, आणि आमच्यात चुकलं तर खोकला? ते बोलणं अजून तुमच्याकडे आहे. मी ते ठेवलंय, माझी जागा धोक्यात घालून. काढा ते. ज्याने 'उत्तर नाही' लिहिलं त्याला पुन्हा बसवा आणि पुन्हा ऐकवा. मग मला लेखी कळवा: तिथे कोणी बोलत होतं की नव्हतं?